पेन्सिलीखालचा चेहरा

"आपल्या घरात हे आणखी कुणाला आहे का?"

धाकटीने चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, आणि स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत बसलेले पाचही जण कप हातात धरून तिच्याकडे बघायला लागले. रविवारची सकाळ होती. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दर पाच वर्षांनी सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचा हा बाबांचा नेम होता, आणि त्यासाठी थोरली नवऱ्याला घेऊन सकाळच्याच गाडीने आली होती. बिस्किटांचा पुडा फुटून जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

"हे म्हणजे काय?" आईने विचारलं. तिला चांगलं माहीत होतं. पण जावयासमोर माहीत नसणं बरं असं तिला वाटलं.

"हे म्हणजे हे." धाकटीने हनुवटी पुढे केली. जबड्याच्या कडेने लाल, खोलवर बसलेल्या गाठी होत्या आणि हनुवटीखाली परवाच काढलेल्या राठ केसांचे काळे ठिपके. मग तिने पाठ वळवून केस वर धरले. मानेवर एक काळी, जाडसर, मखमलीसारखी घडी पडली होती. "आणि हे. भांगात केस विरळ झालेत तेही त्यातलंच. डॉक्टर म्हणाल्या, हा मळ नाही, घाण नाही. अंडाशयाचं दुखणं आहे, हार्मोन्स बिघडलेत, आणि अंगात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरतंय. त्वचा फक्त चुगली करतेय म्हणाल्या."

"चहाच्या वेळेला हे काय गं," आई म्हणाली.

"मग कुठल्या वेळेला? उद्या साडेदहाला परत बोलावलंय. दोन गोष्टी आणायला सांगितल्यात. बाराव्या-तेराव्या वर्षापासूनचे फोटो, म्हणजे हे कधी सुरू झालं ते कळेल. आणि आई, बहीण, आत्या, मावशी, कुणाला असलं काही आहे का त्याची माहिती. बऱ्याचदा घराण्यात असतं म्हणे. साखरेचं दुखणं कुणाला आहे तेही विचारलंय."

आईने लगेच हात झटकले. "माझ्या माहेरी कुणाच्या चेहऱ्यावर साधा तीळ नाही."

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, स्टुडिओच्या काउंटरवर अडतीस वर्षं बसत आली होती आणि आताही तिथेच बसली होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ती काही बोलायच्या आतच थोरलीने तोंड उघडलं.

"मला नाही," थोरली म्हणाली. "मला कधीच नव्हतं."

तिला अजून कुणी विचारलंही नव्हतं.

"हिला?" जावयाने हसून बिस्कीट उचललं. "आठ वर्षं झाली लग्नाला. साधी पुटकुळी आलेली मी बघितली नाही हिला. आमच्या ऑफिसातल्या बायका विचारतात, वहिनी चेहऱ्याला काय लावतात म्हणून."

धाकटीच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं अंडाशयाचं नव्हतं. स्टुडिओच्या दर्शनी काचेत, रस्त्याकडे तोंड करून, थोरली पंधरा वर्षांची असतानाचा तिचा फोटो लावलेला होता. गाल असा नितळ, की गिऱ्हाईकं आत येऊन सांगत, आम्हाला तस्सा फोटो हवा. मग त्यांची नजर काउंटरमागच्या धाकटीवर पडे आणि ती विचारत, ही तुमची सख्खी बहीण? सोळा वर्षं हा प्रश्न ऐकून धाकटीचे कान किटले होते. आईने लहानपणी दगडाने घासून घासून तिच्या मानेतून रक्त काढलं होतं, कारण एका मुलीची मान एवढी स्वच्छ आणि दुसरीची अशी, हे तिच्या गणितात बसत नव्हतं. धाकटीला आज फक्त एक नाव हवं होतं. घरातल्या एका तरी बाईने 'मलाही आहे' म्हटलं असतं तर या सबंध घरात आपणच एकट्या बिघडून निघालो नाही, एवढं तिला कळलं असतं.

"कुणाला नाही ना? बरं," ती म्हणाली. "तसंच सांगते."

"अर्ध्या तासात सगळे पडद्यासमोर हवेत," बाबा म्हणाले आणि कपसुद्धा न उचलता आत निघून गेले.

*

आत्या तयार व्हायच्या कोपऱ्यात आरशासमोर बसली आणि तिने पर्समधला चिमटा काढला. सकाळी एकदा काढून झालेच होते, पण स्टुडिओतले दिवे कडक असतात. साठी आली तरी हनुवटीवरचे ते दोन-चार राठ केस काही तिचा पिच्छा सोडत नव्हते. तरुणपणी ते दोन-चार नव्हते, चांगले मूठभर होते. तेव्हा या काचेत तिचा फोटो असे. दादाने तो मोठ्या युक्तीने काढला होता, हनुवटीखाली हात ठेवून, विचारात पडल्यासारखा. पुढे दादाचं लग्न झालं आणि आठव्याच दिवशी काचेतला फोटो बदलला. वहिनी आल्या त्या थेट काचेत जाऊन बसल्या. आत्याचा फोटो मागच्या खोलीत गेला, आणि आत्या काउंटरवर आली ती कायमची.

हे तिने कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण रोज सकाळी शटर उघडताना ती काच सगळ्यात शेवटी पुसायची, आणि तीही उरकल्यासारखी.

आई पावडरचा डबा घ्यायला आली. आरशात आत्याचा चिमटा तिला दिसला.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "राग मानू नका. पण धाकटीचं हे तुमच्याकडूनच आलंय. दोन्ही पोरी माझ्या, पण थोरली माझ्यावर गेली आणि ही तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"मग कुणावर? तुमच्या साखरेच्या गोळ्या, तुमचं हे. मी काही दोष देत नाही. पण माझी थोरली बघा, कशी निघाली आहे."

आत्याने चिमटा मिटला. अडतीस वर्षं पाकिटं लावणारी बाई होती ती. कुठल्या पाकिटात काय आहे ते तिला ठाऊक होतं आणि तोंड बंद कसं ठेवायचं तेही. पण आज 'माझी थोरली' हे दोन शब्द तिच्या जिव्हारी लागले.

"तुमची थोरली," ती म्हणाली. "हो. बघतेय ना."

ती उठली, काउंटरमागच्या खिळ्यावरची पोलादी कपाटाची किल्ली तिने काढली आणि मागच्या खोलीत जाऊन धाकटीच्या टेबलावर ठेवली. हे तिने धाकटीवरच्या मायेने केलं, असं पुढे ती सगळ्यांना सांगायची. मायाही थोडी होती, नाही असं नाही. पण वहिनींचा चेहरा कसा होतो ते एकदा बघावं, ही इच्छा त्याहून मोठी होती.

"तुला फोटो हवेत ना जुने?" आत्या म्हणाली. "तिसरा खण. आणि तुझे बघून झाले की ताईचेही बघ. नुसते फोटो नको बघूस. निगेटिव्ह बघ."

*

धाकटीचे स्वतःचे फोटो कॉम्प्युटरवर होते आणि ते उघडल्यावर तिला रडावं की हसावं ते कळेना. चौदावं वर्ष, पंधरावं, सोळावं, एकविसावं. सगळीकडे एक नितळ मुलगी बसली होती, आणि ती मुलगी तिनेच बनवली होती. बाबांचा कडक नियम होता, चेहरा साफ झाला की मूळ फाईल पुसून टाकायची. फार पूर्वी एकदा एका गिऱ्हाइकाला चुकून डागांसकटचा फोटो मोठा करून गेला होता आणि त्या माणसाने भर दुकानात तमाशा केला होता. तेव्हापासून या स्टुडिओतून डाग असलेला एकही चेहरा बाहेर गेला नाही आणि आत राहिलाही नाही. अकरा वर्षं धाकटी स्वतःचाच पुरावा इमानेइतबारे पुसत बसली होती. आता डॉक्टरांना दाखवणार काय, तर कपाळ!

मग तिने तिसरा खण उघडला आणि थोरलीचं पाकीट काढलं.

काचेतल्या त्या फोटोची निगेटिव्ह हाताच्या तळव्याएवढी होती. धाकटीने ती रिटचिंगच्या टेबलावर, दुधी काचेवर ठेवली आणि खालचा दिवा लावला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजळ गाल काळा दिसतो, आणि गालावरचा डाग किंवा केस पारदर्शक, उजेड आरपार सोडणारा. कॉम्प्युटर यायच्या आधी त्या पारदर्शक जागेवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरून उजेड अडवायचा, की छापल्यावर डाग नाहीसा. हे काम बाबांनीच तिला शिकवलं होतं, गंमत म्हणून, जुन्या निगेटिव्हवर. पेन्सिल निगेटिव्हवर कायमची राहते. निगेटिव्ह तिरकी धरली की ती करड्या रंगात चमकते.

तिने निगेटिव्ह तिरकी धरली.

जबडा चमकला. एका कानाखालून सुरू होऊन हनुवटीपर्यंत आणि तिथून दुसऱ्या कानापर्यंत, नुसती पेन्सिल. ठिपके, स्वल्पविराम, ठिपके. धाकटीने भिंग डोळ्याला लावलं. हनुवटीखाली पेन्सिलीतून सुटलेले तीन केस अजून पारदर्शक होते, चांगले राठ. आणि मानेच्या कडेने पुढे आलेली एक अख्खी घडी भरून काढलेली होती, इतकी दाट की निगेटिव्हला त्या जागी जाडी आली होती. तिची जी जागा, तीच ताईची. तीच ओळ, तीच मान.

धाकटी हसली. आधी हसली, हे इथे लिहूनच ठेवलं पाहिजे. तिला दया आली नाही, कळवळा आला नाही. बरं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतकं गोड लागलं की तिने भिंग खाली ठेवून पुन्हा उचललं आणि सगळं पहिल्यापासून परत बघितलं.

"ते ठेव जागेवर," दारातून बाबा म्हणाले.

"किती दिवस लागले याला?"

बाबांना हा विषय नको होता. पण त्यांच्यातल्या कारागिराला राहवलं नाही. "नऊ. मान फार अवघड होती. घडी काढायची आणि मान चपटी दिसू द्यायची नाही."

"नऊ दिवस." धाकटीचं हसू गेलं. "बाबा, आणि मला? मला तुम्ही चौदाव्या वर्षी माऊस हातात दिलात. म्हणालात, तुझं तूच साफ कर."

"तोपर्यंत माझे डोळे गेले होते. मोतीबिंदू पिकला होता. आणि तुझा हात चांगला होता."

"तिच्यासाठी नऊ दिवस. माझ्यासाठी, तुझा हात चांगला आहे."

"ती रडायची गं. शाळेत जायची नाही, घरातसुद्धा तोंड-मान ओढणीत गुंडाळून बसायची."

"मीही रडायचे."

"तू कामाला लागायचीस," बाबा म्हणाले. ते तक्रार म्हणून नव्हे, कौतुक म्हणून म्हणाले, आणि धाकटीला ते जास्तच लागलं. "तो फोटो मी तिच्या हातात दिला तेव्हा ती वर्षभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, मी अशी दिसते? मी म्हटलं, अशीच दिसतेस. बापाने दुसरं काय म्हणायचं?"

बाबा थोडा वेळ उंबऱ्यावर घोटाळले आणि दिवे लावायला निघून गेले.

*

थोरली धाकटीला बोलवायला आली होती. आईने पाठवलं होतं. तिने टेबलावरची उजळलेली निगेटिव्ह बघितली आणि क्षणभर कुणाची आहे ते तिला कळलं नाही. मग कळलं.

तिने दार लोटून घेतलं.

"कुणाला दाखवलीस?"

"अजून नाही." धाकटी खुर्चीत मागे रेलली. "ताई, मला कधीच नव्हतं म्हणालीस. चहा पिता पिता."

"नव्हतंच."

"आता आहे का?"

थोरली खाली स्टुलावर बसली. तिच्या पर्समध्ये चिमटा होता, दुसरा एक गाडीत होता आणि तिसरा न्हाणीघरातल्या खिडकीवर साबणामागे. दर तीन आठवड्यांनी ती ऑफिसमधून लवकर निघून, मैत्रिणीकडे जाते सांगून, हनुवटीवर लेसर मारून यायची. नवरा साडेसहाला उठे, म्हणून ती साडेपाचला. आठ वर्षांत त्याने तिला उठल्या उठल्या उजेडात बघितलेलं नव्हतं. आणि तीन वर्षं मूल हवं म्हणून डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवताना, 'पाळी नियमित येते का' या प्रश्नाला ती नवऱ्याच्या शेजारी बसून दर वेळी 'हो' म्हणत आली होती. येत होती दोन-अडीच महिन्यांनी. कधी तीन.

हे सगळं तिने धाकटीला सांगितलं. भराभर, टेबलाकडे बघत, जसं कुणी दुसऱ्याचं सांगावं.

"वेडी आहेस का?" धाकटी म्हणाली. "तपासायला जातेस आणि तपासणाऱ्यालाच खोटं सांगतेस?"

"सुरुवातीला एकदा सांगून टाकलं असतं तर झालं असतं. मग रोज अवघड होत गेलं. तो सगळ्यांना सांगत सुटतो ना, हिचा चेहरा, हिचा चेहरा. एकदा काचेत लागल्यावर खाली कसं उतरायचं?"

"मला नको सांगूस काचेचं! सोळा वर्षं मी त्या काचेखालून ये-जा करतेय. रोज तुझ्यावर जळलेय मी. आणि कशावर, तर पेन्सिलीवर!"

"आणि मी तुझ्यावर," थोरली म्हणाली.

धाकटीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "माझ्यावर? काय, ह्याच्यावर जळलीस?" तिने स्वतःच्या जबड्यावर बोट ठेवलं.

"या टेबलावर." थोरलीचा आवाज चढला. "मी बारा वर्षांची होते तेव्हा म्हटलं, बाबा मला शिकवा. म्हणाले, तू नुसती नीट बस, हात घाण होतील. आणि तू? तू त्यांच्या मांडीवर बसून पेन्सिलीला टोक काढायला शिकलीस. आजही गिऱ्हाइकाला सांगतात, ही माझा उजवा हात. मी कोण? मी नमुना! तुला निदान तुझा चेहरा मोठा करून बघू दिला त्यांनी. मला माझा कधी दाखवलाच नाही. मी पंधराची असताना नेमकी कशी दिसत होते ते मला आत्ता, या काचेवर कळतंय."

थोरली टेबलाशी वाकली आणि तिने पहिल्यांदा भिंगातून बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"आणि आज सकाळी," ती भिंग न काढता म्हणाली, "तू बिस्कीट खात खात सगळ्यांसमोर मान उघडी करून दाखवलीस. माझा नवरा समोर असताना. मला तीन वर्षांत बंद खोलीत जमलं नाही ते. इतका राग आला तुझा, की वाटलं उठून थोबाडीत द्यावी."

धाकटीला हे ऐकून बरं वाटलं. मग तिला आठवलं की उद्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

"भाऊजींना सांगू मी?" तिने मुद्दाम विचारलं.

"नको. पाया पडते तुझ्या."

"मग डॉक्टरांना काय सांगू? घरात कुणाला नाही?"

"आत्याचं सांग ना," थोरली पटकन म्हणाली.

"आत्या माझी सख्खी बहीण नाही." धाकटी उठली. "त्यांनी बहिणीचंही विचारलंय."

बाहेरून आईची हाक आली. थोरलीने ओठांवरचा रंग नीट केला, केस मोकळे सोडून मान झाकली. ही सवय तिला इतकी लागली होती की आपण काय केलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

*

पडद्यासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या. धाकटी आत आली तेव्हा आई जागा ठरवत होती. मधल्या खुर्चीत थोरली, तिच्या उजव्या हाताला जावई, डावीकडे आई स्वतः, कडेला आत्या. एक खुर्ची बाबांसाठी, टायमर लावून ते धावत येणार.

"छोटी, तू मागे," आई म्हणाली. "ताईच्या खांद्याआड. म्हणजे खालचा चेहरा झाकेल."

गेल्या दोन्ही फोटोंत धाकटी तिथेच होती. ती निमूट मागे जाऊन उभी राहिली. समोर थोरलीचा भांग होता. केस फुगवून बसवलेले, पण इतक्या वरून, इतक्या कडक उजेडात, भांगाची रेघ रुंद झालेली स्पष्ट दिसत होती. आपली दिसते तेवढीच. आई शेजारी बसूनही तिला ते दिसत नव्हतं. धाकटी मनात म्हणाली, आता बोलावं. एकच वाक्य. इथून, मागून. ते वाक्य तिच्या ओठांवर येऊन बसलं होतं आणि ते बोलायचं तिला भयंकर सुख वाटत होतं.

"ताई, हनुवटी थोडी वर," कॅमेऱ्यामागून बाबा म्हणाले.

थोरलीने हनुवटी वर केली.

"बाबा," जावई खुशीत म्हणाला, "पुढच्या खेपेला मध्ये आमची मुलगी बसलेली असेल. हुबेहूब हिच्या चेहऱ्याची. मग काचेतला फोटो बदलायला लागेल बघा."

आई हसली. आत्या हसली नाही. धाकटीने थोरलीचे खांदे आखडलेले बघितले आणि तिच्या ओठांवरचं वाक्य आपोआप मागे गेलं. का गेलं ते तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही.

"नाही," थोरली म्हणाली.

"हलू नको," बाबा म्हणाले.

"नाही, थांबा." थोरली उठून उभी राहिली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, मी तुमच्याशी खोटं बोलले. डॉक्टरांशीही. माझी पाळी कधीच वेळेवर येत नव्हती. दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात, मी ते काढते. लेसरला जाते, मैत्रिणीकडे नाही जात. मानही तिच्यासारखीच आहे, मी लेप लावते. छोटीला जे आहे ते सगळं मला आहे. तिच्या आधीपासून आहे."

जावयाने खुर्ची मागे सरकवली.

"तुला कसं असेल?" आई म्हणाली. "तुझा तर फोटो..." ती काचेच्या दिशेने हात करणार होती. मग तिने बाबांकडे बघितलं. बाबा कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाशी चाळा करत होते. आईने आत्याकडे बघितलं, आणि आत्याने या क्षणाची जेवढी वाट बघितली होती तेवढी मजा तिला त्यात आली नाही. तिने नजर वळवली.

"तीन वर्षं?" जावई म्हणाला. "तीन वर्षं मी एवढ्या तपासण्या करून घेतल्या, तू शेजारी बसून बघत होतीस?"

"हो."

तो उठून पडद्याच्या टोकापर्यंत गेला. तिथे पाठ करून उभा राहिला. मग परत आला आणि थोरली अजून उभीच आहे हे बघून त्याने तिला दोन्ही दंडांना धरून खुर्चीत बसवलं. "रागावलोय मी," तो म्हणाला. "खूप रागावलोय. पाणी आणा कुणीतरी."

आणि मग सगळेच उठले. आई पाणी घेऊन धावली, तिने थोरलीचं डोकं पोटाशी धरलं आणि रडायला लागली. आत्या पंखा सुरू करायला गेली. बाबा कॅमेरा सोडून पुढे आले आणि थोरलीसमोर चवड्यांवर बसले, ज्या गुडघ्यांनी त्यांना गेली दोन वर्षं बसता येत नव्हतं त्याच गुडघ्यांनी.

धाकटी खुर्चीमागे उभी होती तशीच उभी राहिली. सकाळी तिने हेच सगळं सांगितलं होतं. हीच मान, हीच हनुवटी, हेच नाव. तेव्हा कुणी उठलं नव्हतं. तेव्हा आई म्हणाली होती, चहाच्या वेळेला हे काय. आजवर ती थोरलीच्या चेहऱ्यावर जळत आली होती. आता थोरलीचं दुखणंसुद्धा तिच्या दुखण्यापेक्षा मोठं निघालं. तिचा जीव असा जळत होता, की कडक दिव्याखाली तिला घाम फुटला.

आईच्या हातांतून थोरलीने डोकं सोडवून घेतलं आणि मागे वळून बघितलं.

"छोटे, उद्या मी येऊ तुझ्याबरोबर?"

त्या डॉक्टरबाई धाकटीच्या होत्या. तिने स्वतः शोधल्या होत्या, एकटी गेली होती, आणि त्या खुर्चीत बसल्यावर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ताईबद्दल एक अक्षर न विचारता सबंध अर्धा तास फक्त तिच्याकडे बघितलं होतं. आता तिथेही ताई येणार. तिथेही बाई आधी ताईकडे बघणार.

"ये," ती अखेर म्हणाली. "पण नंबर माझा आहे. आत आधी मी जाणार."

"तू आधी."

"आणि मी माझं सगळं सांगून होईपर्यंत तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार." थोरलीने डोळे पुसले. गालावरचा रंग हाताला लागला आणि जबड्याखालची एक लाल गाठ उघडी पडली, ताजी, दुखरी. "काय काय करतात गं तिथे? दुखतं का?"

धाकटी पुढे आली. आईने सरकून जागा दिली, पण ती खुर्चीत बसली नाही. ती थोरलीच्या समोर जमिनीवर बसली.

"रक्त काढतात," ती म्हणाली. "उपाशी पोटी यायचं, चहासुद्धा नाही. पोटावरून सोनोग्राफी करतात, ती दुखत नाही, पण त्याआधी भरपूर पाणी प्यायला लावतात, आणि बाथरूमला जाऊ देत नाहीत, ते मात्र कठीण आहे. मानेला हात लावून बघतात. काखेतही बघतात. लाज वाटते पहिल्यांदा. मग नाही वाटत."

"आणि मग?"

"सांगते. एकेक ऐक," धाकटी म्हणाली. जे तिला माहीत होतं आणि ताई तिला विचारत होती, असं या घरात आज पहिल्यांदा काहीतरी होतं, आणि ते संपू नये म्हणून ती अगदी सावकाश सांगत राहिली.